दुसऱ्या ऑपरेशनाआधी पहिल्याची चौकशी

पत्र लांबलचक होतं, त्यातला गाभा तेवढा देते.

"वय ४६, उंची १५८ सेंटिमीटर. २०१७ मध्ये वजन ११८ किलो असताना ते उतरवायला स्लीव्हचं, म्हणजे जठर कापून लहान करायचं ऑपरेशन केलं. दीड वर्षात ७९ वर आले, मधुमेहाच्या गोळ्या बंद झाल्या. मग वजन पुन्हा चढायला लागलं. आज काटा १०३ दाखवतो आणि मधुमेहाच्या गोळ्या परत सुरू झाल्यात. चार वर्षं झाली, रात्री घशाशी आंबट पाणी येतं, तीन उशा घेऊन झोपते. एका सर्जनांनी मिनी बायपास सांगितला: एकच जोड, वेळ कमी, वजन चांगलं उतरेल. दुसऱ्यांनी रू-एन-वाय बायपास सांगितला. तिसरे म्हणाले, करायचंच तर सॅडी करा, तीच सगळ्यात जोरकस. बहीण म्हणते वजन उतरवायची इंजेक्शनं घे. नवरा म्हणतो, एकदा पोट कापून काय मिळालं? चूक खरं तर माझीच, मला टिकवता आलं नाही. आता कोणतं करू? – दुसऱ्यांदा नापास."

आधी त्या सहीबद्दल. ११८ वर तुम्ही आजही परत गेलेल्या नाही, १५ किलो खालीच आहात. ऑपरेशन झालंच नसतं तर गेल्या काही वर्षांत ११८ चे किती झाले असते, हा हिशोब कुणीच मांडत नाही. वजन उतरलं की शरीर ते परत मिळवायला धडपडतं. भूक वाढते, बसल्याबसल्या होणारा उष्मांकांचा खर्च घटतो. ३९ किलो गमावलेलं शरीर वर्षानुवर्षं हीच ओढाताण करत असतं. त्याला तुमचा आळस म्हणायचा हक्क कुणालाही नाही, तुम्हालाही नाही.

हे मी कोणत्या तोंडानं सांगते तेही ऐका. मी सर्जन नाही. अशा ऑपरेशनानंतर पेशंटचं खाणंपिणं, रक्त, गोळ्या बघायच्या, या कामात माझी बरीच वर्षं गेली. सुरुवातीच्या काळात एक बाई आल्या होत्या. तुमच्यासारखीच स्लीव्ह झालेली, तुमच्यासारखंच वजन परत चढलेलं. मी त्यांना सात दिवसांची वही लिहायला लावली. वहीत काय होतं? आइसक्रीम, सरबत, दुधात बुडवून मऊ केलेली बिस्किटं. मी केसपेपरवर लिहिलं, 'पथ्य पाळत नाहीत'. पुढे उलट्या वाढल्या म्हणून कुणीतरी बेरियमची तपासणी सांगितली, म्हणजे बेरियम पाजून ते खाली कसं उतरतं ते एक्स-रेच्या पडद्यावर बघायचं. तो पांढरा घोट पडद्यावर मी स्वतः पाहिला. अन्ननलिकेतून सरळ खाली आला आणि जठराच्या मध्यावर अडला. तिथे नळीला मुरड पडली होती. वरचा भाग फुग्यासारखा फुगला, मग बारीक धारेनं बेरियम पलीकडे झिरपलं. बाईंना घट्ट अन्न जातच नव्हतं. जे घसरून जाईल ते खात होत्या, आणि घसरून जाणारं नेमकं गोड असतं. माझ्या हातच्या त्या तीन शब्दांची मला अजून लाज वाटते.

म्हणून तुमच्या 'कोणतं करू' च्या आधी माझा प्रश्न: पहिलं ऑपरेशन नेमकं कुठे कमी पडलं, हे या तिघांपैकी कुणी तपासलंय का? अख्ख्या पत्रात एंडोस्कोपीचा उल्लेख नाही. बेरियमचा नाही. तीन सर्जनांनी तीन ऑपरेशनं सुचवली आणि आत डोकावून एकानंही बघितलेलं दिसत नाही. बघितलं असेल आणि तुम्ही लिहायचं विसरला असाल, तर माझे शब्द मागे घेते.

स्लीव्हमध्ये जठराचा बाहेरच्या बाजूचा पाऊण भाग किंवा त्याहून थोडा जास्तच कापून काढून टाकतात. उरते ती शर्टाच्या बाहीसारखी अरुंद नळी, नावही त्यावरूनच पडलं. काढलेला भाग परत बसवता येत नाही. नंतर त्या नळीचं बरंच काही होऊ शकतं. ती हळूहळू रुंदावते. वरचा घुमटासारखा भाग पहिल्या वेळी पुरता काढलेला नसतो. मध्ये मुरड पडते. छातीच्या पडद्यातून तिचं वरचं टोक वर सरकतं, म्हणजे हर्निया होतो. किंवा नळी अगदी ठीक असते आणि वजन वेगळ्याच कारणानं चढतं: थायरॉइड, स्टिरॉइड, इन्सुलिन, मानसिक आजारावरची काही औषधं, पाळी जाण्याचा काळ, दिवसभर थोडंथोडं तोंडात टाकण्याची सवय. नळी ठीक असताना नळीवरच दुसरं ऑपरेशन केलं, तर मूळ कारण जागच्या जागी राहतं.

तेव्हा एंडोस्कोपी करा आणि बेरियम करा. घशाशी येणारं खरोखर अ‍ॅसिडच आहे का आणि किती, हे २४ तासांच्या पीएच तपासणीत कळतं. अन्ननलिकेची हालचाल मोजणारी मॅनोमेट्रीही सर्जन सांगतील. जुन्या ऑपरेशनाची नोंद मागवून घ्या. त्या नळीचं माप, तेव्हा हर्निया होता का, दुरुस्त केला का, हे त्यात असतं. रक्तात हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, डी जीवनसत्त्व, कॅल्शियम, थायरॉइड. शिवाय आहारतज्ज्ञाची भेट आणि मानसतज्ज्ञाची एक भेट. मानसतज्ज्ञाचं नाव काढलं की पेशंट दुखावतात. तुम्ही दुखावू नका. चार वर्षं नीट झोप नसलेल्या माणसाचं मन कसं असतं, हे बघायला कुणी तरी हवं.

आता तुमच्या यादीकडे येते. तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी सुचवेल म्हणून आधीच सांगते: तीच नळी पुन्हा कापून अरुंद करायची, म्हणजे री-स्लीव्ह, हे तुमच्यासाठी नाही. अरुंद नळीत दाब वाढतो, दाब वाढला की आंबट पाणी आणखी वर येतं. तो विषय इथेच संपला.

मिनी आणि रू यांच्यातला फरक मात्र नीट समजून घ्या, कारण तुमचा निर्णय तिथेच आहे. सेझार रू हे एकोणिसाव्या शतकात काम सुरू केलेले स्विस सर्जन. आतड्याची इंग्रजी वाय अक्षरासारखी जोडणी त्यांच्या नावानं ओळखली जाते. वायच्या एका हातातून अन्न येतं, दुसऱ्यातून पित्त आणि स्वादुपिंडाचा रस. दोन्ही हात एकत्र येतात ते जठराच्या जोडापासून साधारण एक-दीड मीटर खाली. एवढं अंतर मध्ये असल्यामुळे पित्त वर जठराच्या पिशवीपर्यंत पोचत नाही. मिनी बायपासमध्ये वाय नसतो. आतड्याचा एक वळसा थेट जठराच्या नळीला जोडतात, आणि पित्त त्या जोडाखालूनच वाहत जातं. एकच जोड असल्यानं ऑपरेशन लवकर उरकतं, हे सर्जनांचं म्हणणं खरं. वजन उतरवण्यातही ती मागे नाही. फ्रान्समध्ये दोन्हींची तुलना करणारी एक चाचणी झाली, २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन वर्षांनंतर वजनात मिनी रूपेक्षा कमी पडली नव्हती. जुलाब आणि पोषणाच्या तक्रारी मात्र मिनीत जास्त होत्या.

पण तुम्ही तीन उशा घेऊन झोपता. तुमची अन्ननलिका चार वर्षं अ‍ॅसिड सोसतेय, तिच्या वाट्याला आता पित्त यायची शक्यता कशाला ओढवून घ्यायची? मिनीत सगळ्यांनाच पित्त वर येतं असं नाही. आंबट पाण्याची तक्रार नसलेल्या पेशंटसाठी मिनी चांगली असू शकते, मी तिच्या विरोधात नाही. फक्त तुमच्यासाठी ती मला पटत नाही.

रू बायपासमध्ये नळीचा वरचा छोटा तुकडा तेवढा वापरात राहतो. उरलेलं जठर आतच असतं, पण अन्नाच्या वाटेवर नसतं, त्यामुळे त्यातलं अ‍ॅसिड वर यायला रस्ता राहत नाही. पिशवीतला दाबही कमी होतो. स्वित्झर्लंडमध्ये २१७ जणांवर पाच वर्षं चाललेली एक चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. पहिल्याच ऑपरेशनाची तुलना होती, स्लीव्ह की रू बायपास. वजनात दखल घेण्याजोगा फरक निघाला नाही. आंबट पाण्यात निघाला: आधीपासून त्रास असलेल्यांपैकी बायपासनंतर ६० टक्क्यांचा थांबला, स्लीव्हनंतर २५ टक्क्यांचा. त्रास वाढलेले स्लीव्हमध्ये जवळजवळ ३२ टक्के, बायपासमध्ये ६. फिनलंडच्या अशाच तुलनेत दहा वर्षांनी एंडोस्कोपी केली, तर अन्ननलिकेला सूज स्लीव्हवाल्या ३१ टक्के लोकांत होती, बायपासवाल्या ७ टक्क्यांत. म्हणजे तुमच्या उशा ही तुमची वैयक्तिक कसूर नाही, या ऑपरेशनाची ती माहीत असलेली बाजू आहे. हे २०१७ मध्ये तुम्हाला कुणी सांगितलं होतं का, ते मी विचारत नाही. पत्रावरून अंदाज येतो.

सॅडीत स्लीव्हची नळी तशीच ठेवतात आणि जठराच्या पुढचं आतडं कापून खूप खाली जोडतात, म्हणजे बराच मोठा टापू अन्नाला वगळला जातो. वजनाच्या बाबतीत तिसऱ्या सर्जनांचं म्हणणं बरोबर आहे, या यादीत तीच जोरकस. मधुमेहालाही चांगली. पण नळी तीच राहिली म्हणजे तुमचं आंबट पाणीही बहुधा तसंच राहणार. आणि दुसरी गोष्ट. तुमच्या पत्राच्या तिसऱ्या पानावर, ओळीच्या मध्येच, तुम्ही लिहिलंय की 'व्हिटॅमिनच्या गोळ्या दोन वर्षांनी सोडून दिल्या'. सॅडीनंतर हे चालत नाही. तिथे प्रथिनं आणि ए, डी, ई, के ही चरबीत विरघळणारी जीवनसत्त्वं कमी शोषली जातात, शौचाला पातळ आणि दुर्गंधी होऊ शकते, आणि गोळ्या सुटल्या तर रातांधळेपणापासून हाडं ठिसूळ होण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. गोळ्यांचा ज्यांना कंटाळा येतो त्यांना मी सॅडीपासून लांब ठेवते. यात तुमचा अपमान नाही. मलाही गोळ्यांचा कंटाळा येतो.

सुटका मात्र रूमध्येही नाही. रोज मल्टिव्हिटॅमिन, बी-१२, डी, लोह, आणि कॅल्शियम सायट्रेट दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम, विभागून. लोह आणि कॅल्शियम यांच्यात किमान दोन तासांचं अंतर, नाहीतर एक दुसऱ्याला शोषू देत नाही. प्रथिनं दिवसाला ६० ग्रॅमच्या खाली नकोत. हे सगळं जन्मभर. तुमची पाळी अजून चालू असेल तर लोहाकडे जास्तच लक्ष. ऑपरेशनाची तारीख घ्यायच्या आधी तीन महिने या गोळ्या घेऊन बघा. घेता आल्या तर पुढे जा. सुटायला लागल्या तर का सुटतात ते शोधा, बहुतेक वेळा एखाद्या गोळीनं मळमळतं आणि तिच्या पायी सगळ्याच बंद होतात.

त्याच तिसऱ्या पानावर आणखी एक आहे, तेही कंसात: 'गुडघ्यासाठी अधूनमधून गोळी घेते'. कोणती? आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, अशा जातीतली असेल तर बायपासनंतर ती तुम्हाला बंद. रू आणि मिनी दोन्हींत जठर-आतड्याच्या जोडावर अल्सर होतो, तो रक्तस्राव करू शकतो, फुटूही शकतो, आणि या गोळ्या आणि धूम्रपान ही त्याची दोन मोठी कारणं. १०३ किलो पेलणारे गुडघे दुखणारच, म्हणून पर्याय आत्ताच ठरवा. पॅरासिटामॉल, वरून लावायचं मलम, व्यायाम, हाडांच्या डॉक्टरांचा सल्ला, त्यांना सुचेल ते. बायपासनंतर सहा महिन्यांनी, कुणीतरी दिलेली एक गोळी घेऊन रात्री पोट धरून आलेली माणसं मी पाहिली आहेत. सर्जनांना हा कंस मोठ्यानं वाचून दाखवा. तुम्ही तो त्यांना सांगितलेला नाही, पैज लावते.

बहिणीचं इंजेक्शन. तिचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. या इंजेक्शनांतलं एक औषध सेमाग्लुटाइड, दुसरं टिर्झेपटाइड. सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी जवळजवळ १५ टक्के वजन उतरलं, टिर्झेपटाइडच्या जास्तीत जास्त डोसनं ७२ आठवड्यांत सुमारे २१ टक्के. स्लीव्हनंतर वजन परत आलेल्यांनाही ही औषधं दिली जातात आणि फायदा होतो. तुमचा मधुमेह परतलाय, तिथेही उपयोग. तुमची तक्रार फक्त वजनाची असती आणि नळी ठीक निघाली असती, तर मी म्हटलं असतं, आधी इंजेक्शन, ऑपरेशनाचं मग बघू. अडचण दोन ठिकाणी आहे. औषध थांबवलं की वजन परत येतं, सेमाग्लुटाइडच्या त्याच चाचणीतल्या लोकांचं वर्षभरात उतरलेल्याच्या दोन तृतीयांश परत आलं, म्हणजे घ्यायचं तर लांबवर घ्यायची तयारी हवी. आणि दुसरी: नळीतलं अ‍ॅसिड त्यानं थांबत नाही. ही औषधं जठर रिकामं व्हायला उशीर लावतात, काहींना त्यानं मळमळ आणि आंबट ढेकर वाढतात. घ्यायला लागलात आणि मधेच ऑपरेशन ठरलं, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना न विसरता सांगा. उपाशी असूनही पोटात अन्न राहिलेलं असू शकतं, आणि भूल देताना ते धोक्याचं.

तर माझं मत: तपासण्यांत अन्ननलिकेला सूज, हर्निया किंवा मुरड निघाली, तर रू बायपास, हर्निया असेल तर त्याची दुरुस्ती त्याच वेळी. एंडोस्कोपीत अन्ननलिकेच्या अस्तरात बॅरेट नावाचा, पुढे क्वचित कॅन्सरकडे जाऊ शकणारा बदल सापडला, तर मग रूबद्दल फार चर्चाही नको. सगळं स्वच्छ निघालं आणि पीएच तपासणीत अ‍ॅसिडही नसलं, जे मला संभवत नाही, तर मला पुन्हा लिहा, उत्तर बदलेल.

अपेक्षेचं आत्ताच बोलून ठेवू. स्लीव्हवरून बायपास केल्यावर झोप, घसा आणि आंबट पाणी यांत पडणारा फरक बहुधा मोठा असतो. मधुमेहालाही मदत होते. वजन मात्र पहिल्या वेळेसारखं धडाधड उतरत नाही. ७९ चा आकडा भिंतीवर लावून बसलात तर एक चांगलं ऑपरेशनही तुम्हाला 'तिसऱ्यांदा नापास' वाटेल. वजन अजून उतरवायचं असेल तर बायपासनंतर इंजेक्शन जोडता येतं, दोन्हींत वैर नाही.

आणि जोखीम. दुसऱ्यांदाचं ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड असतं. आत चिकटलेलं असतं, जुन्या टाक्यांच्या रेषेवर रक्तपुरवठा कमी असतो, जोडातून गळती होण्याची शक्यता पहिल्या वेळेहून जास्त. पुढे कधीतरी आतडं आतल्या फटीत अडकू शकतं, त्यामुळे बायपासनंतर वर्षांनीही अचानक पोटात कळ आली तर घरी वाट बघायची नाही. सर्जनांना विचारा की स्लीव्हवरून बायपास त्यांनी स्वतः किती केले, त्यात गळती किती झाली, आतड्याचे हात किती सेंटिमीटरचे ठेवणार, आणि ऑपरेशनानंतर रात्री दोन वाजता ताप आला तर फोन कुणी उचलायचा. शेवटच्या प्रश्नावर जे हसतात त्यांच्याकडे करू नका.

नवऱ्याला पुढच्या भेटीला घेऊन जा. 'काय मिळालं' हा त्यांचा प्रश्न राग म्हणून वाचू नका. तुम्हाला भूल दिली तेव्हा बाहेर बसलेला माणूस तोच होता. बेरियमच्या फिल्मवर सर्जनांनी त्यांना तुमची नळी दाखवली, तर घरातलं अर्धं भांडण तिथेच मिटेल.

तोवर उशांचं एक करा. तीन उशांवर झोपल्यानं मान वर होते आणि पोट मधोमध दुमडतं, त्यानं दाब वाढतो आणि पाणी जास्तच येतं. उशा काढा, एक ठेवा. पलंगाच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली १५ ते २० सेंटिमीटर उंचीचे भक्कम लाकडी ठोकळे घाला, म्हणजे सगळं अंग एका उताराला लागेल. झोपण्याआधी तीन तास काही खाऊ नका, आणि शक्यतो डाव्या कुशीवर झोपा. एंडोस्कोपीचा रिपोर्ट आला की त्यातली अन्ननलिकेबद्दलची ओळ मला जशीच्या तशी लिहून पाठवा.